हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी रॅम्पवर सरकते: केबल बदलू की आणखी काही?

तळघर_पी2: 2014 ची स्विफ्ट, पेट्रोल, मागे ड्रम ब्रेक. सोसायटीच्या रॅम्पवर रिकामी गाडी हँडब्रेकवर थांबते, चौघं बसले की हळूहळू मागे सरकते. लिव्हर 10-11 खटके वर येतो. गॅरेजमध्ये दर वेळी लिव्हरपाशी केबल आवळून देतात, थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. फूटब्रेक चांगला लागतो. केबल बदलायची झाल्यास कोणत्या कंपनीची घ्यावी?

दहाचा_पाना: केबलची खरेदी तूर्त थांबवा. आजार रेड्याला नि इंजेक्शन पखालीला असं चाललंय.

चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारी कमानीसारखी पट्टी म्हणजे शू, तिच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर. लायनर झिजतो तशी शू आणि ड्रममधली फट वाढते. ती भरून काढायला आत ऑटो अ‍ॅडजस्टर असतो. फूटब्रेक दाबताना शू ठरावीक अंतरापेक्षा जास्त बाहेर गेला की अ‍ॅडजस्टरचा दाता पुढे सरकतो आणि दोन शूंमधली दांडी (स्ट्रट) लांब होते. धुळीने किंवा गंजाने तो जाम झाला की फट तशीच राहते आणि लिव्हर दर महिन्याला थोडा आणखी वर यायला लागतो. अशा वेळी वरून केबल आवळली तर आतली हँडब्रेकची पट्टी लिव्हर सोडल्यावरही आपल्या स्टॉपरवर परत टेकत नाही, अर्धवट ओढलेलीच राहते. मग अ‍ॅडजस्टरला पुढे सरकायला वावच उरत नाही. खटके कमी होतात म्हणून गिऱ्हाईक खूष, पण शू घासत राहतो, ड्रम तापतो आणि लायनर आणखी लवकर संपतो.

फूटब्रेक चांगला लागतो यावरून मागच्या ड्रमचं काही कळत नाही. थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या डिस्क करतात. हँडब्रेकला मात्र फक्त मागची दोन चाकं.

घाटवळण: रिकामी थांबते नि भरलेली सरकते, याचा हिशोब सोपा आहे. 1:8 चा रॅम्प धरा, म्हणजे आठ फूट पुढे गेलं की एक फूट चढ. 1000 किलोची गाडी उताराच्या दिशेने साधारण 124 किलोच्या जोराने ओढली जाते. चौघांचे 280 किलो वाढले की तोच जोर 159 वर जातो. म्हणजे तुमचा हँडब्रेक या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी हार मानतोय. चांगला हँडब्रेक याच्या बराच वर असतो: संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच नियमानुसार पूर्ण भरलेली कार 20 टक्के चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे थांबली पाहिजे, तेही लिव्हरवर 400 न्यूटनच्या आत जोर लावून. 1:8 म्हणजे फक्त साडेबारा टक्के.

तळघर_पी2: पटलं. मग काम कोणत्या क्रमाने करून घेऊ? समोर उभा राहणार आहे.

दहाचा_पाना: उभे राहाच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर कोणालाही हात आत घालू देऊ नका. मग हँडब्रेक सोडून लिव्हरमागचा केबलचा नट पूर्ण ढिला करायचा. बऱ्याच गाड्यांत त्याला 10 चा पाना लागतो. केबल ताणलेली असेल तर ड्रमही निघायला त्रास देतो. आत कडेला गंजाचा ओठ तयार झाला असेल तर हातोडे मारत बसण्यापेक्षा, ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असल्यास त्यांत बोल्ट समसमान आवळत ड्रम बाहेर ढकलायचा. ज्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं तिथे मधला ठोकून बसवलेला नट नवाच लावायचा आणि टॉर्क रेंचने आवळायचा. इथे अंदाजपंचे चालत नाही.

ड्रम निघाल्यावर आधी व्हील सिलिंडरचं (फूटब्रेक दाबल्यावर शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर बूट उचलून बघा. आत ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला तर सिलिंडर गेला. ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचं सुचवलं तर नाही म्हणा. गरम झाला की ते ऑइल पुन्हा वर येतं. इको, बोलेरोसारख्या मागे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत अ‍ॅक्सलचं सील गळूनही हेच होतं, तेव्हा ड्रममध्ये गिअर ऑइल सापडतं. वास वेगळा येतो, लगेच ओळखू येतं.

लायनर मिलीमीटर-दीड मिलीमीटरवर आला असेल किंवा चकाकून काचेसारखा झाला असेल तर बदला, आणि दोन्ही चाकांचे चारही शू एकदम. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. मोजून त्याच्या पुढे गेला असेल तर नवा ड्रम. लेथवर घासून घेणं म्हणजे व्यास आणखी वाढवणं. अ‍ॅडजस्टर सोडवून ब्रशने साफ करा, दाते बोथट असतील तर बदला, सरकणाऱ्या जागी ब्रेकचं ग्रीस अगदी नखभर. धूळ हवेने उडवू देऊ नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची.

सगळं बसवल्यावर इंजिन चालू करून फूटब्रेक 10-12 वेळा जोरात दाबायचा. अ‍ॅडजस्टर फट स्वतः घेतो. केबलचा नंबर यानंतर. लिव्हर साधारण 5 ते 8 खटक्यांत धरेल इतकाच नट आवळा, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. मग तपासायचं: लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत, पूर्ण ओढल्यावर एकही हलता कामा नये. एकच चाक धरत असेल तर लिव्हरखालची दोन केबलींना जोडणारी पट्टी तिरकी झाली आहे का बघा, नाहीतर त्या बाजूची केबल नळीत गंजली आहे.

कोकणपट्टी: केबलचं निदान वेगळं करता येतं. ड्रमकडचं टोक सोडवून हाताने मागेपुढे ओढा. खरखर लागली किंवा स्प्रिंगच्या जोराने परत गेली नाही तर बदला, तेल सोडून काही होत नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच. दोन्ही बाजूच्या एकदम घ्या. कंपनीच्या असल्या तर उत्तम, नाहीतर सुप्रजीत. लायनरला टीव्हीएस गर्लिंग किंवा राणे. डब्यावर नाव नसलेला माल घेऊ नका. आणि पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक मोकळा सोडा. नाहीतर शू ड्रमला चिकटतात.

तळघर_पी2: लिव्हर ओढून ठेवल्यावर कधीकधी एक-दोन खटके आपोआप खाली येतो, हे पण त्यातलंच?

दहाचा_पाना: नाही, ते वेगळं आणि जास्त घातक. लिव्हरच्या बुडातली खिट्टी किंवा दाते झिजलेत. लिव्हर असेंब्ली बदला, दाते कानशीने घासून धार काढण्याचे प्रयोग नकोत. तोवर उतारावर उभी करूच नका. आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो पहिल्या खटक्यालाच लागतो, चाक धरलंय की नाही हे त्याला माहीत नसतं.

घाटवळण: हँडब्रेक नवा असला तरी गिअर हवाच. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुढची चाकं अशी वळवा की गाडी सुटलीच तर फुटपाथच्या कडेला अडेल. एजीएसमध्ये (मारुतीचा क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स) पी म्हणजे पार्किंगचा गिअर नसतो, चढाला डी आणि उताराला आर ठेवूनच इंजिन बंद करा. पी असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग फूटब्रेक हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या आणि शेवटी पी. उलट केलं तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खिट्टीवर जातो, काढताना जो ठक आवाज येतो तो त्याचाच.

निळी_सेदान: मध्येच विचारते. माझ्या गाडीला मागे डिस्क आहेत, हँडब्रेक लिव्हरचाच. घाट उतरून लगेच उभी केली की दहा मिनिटांनी थोडी सरकलेली असते. लायनरचाच प्रकार का?

दहाचा_पाना: ताई, डिस्कचं गणित उलटं असतं. तापलेली डिस्क आणि पॅड थंड होताना आकसतात, पकड ढिली होते. ड्रम मात्र थंड होताना शूंवर आवळतो. म्हणून घाट उतरल्यावर लिव्हर नेहमीपेक्षा एक-दोन खटके जास्त ओढा, गिअर टाका, आणि गाडीपाशीच असाल तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा एकदा ओढा. तरी सरकली तर कॅलिपरवरचा (डिस्कला पॅडने पकडणारा चिमटा) केबलने ओढला जाणारा हात मोकळा परत येतो का ते बघून घ्या, गंजून अर्ध्यावर अडकतो. बहुतेक अशा कॅलिपरचा पिस्टन पॅड बदलताना फिरवत आत न्यायचा असतो. क्लॅम्प लावून सरळ दाबला तर आतली अ‍ॅडजस्टरची यंत्रणा तुटते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घातल्याशिवाय पॅडला हात लावू देऊ नका.