उसाच्या फडातला भेक ऑस्ट्रेलियाभर पसरला कसा?

प्रश्न (ऊसकरी):
आमच्या कोल्हापूर भागात उसाला हुमणी (मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी) लागली की उभे पीक वाळून जाते. त्याविषयी वाचता वाचता मी ऑस्ट्रेलियातील केन टोडपर्यंत, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकापर्यंत (भेकापर्यंत) पोहोचलो. तिथल्या ईशान्येकडच्या क्वीन्सलंड राज्यात हुमणीच्याच कुळातील भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ साली हवाईहून सुमारे शंभर भेक आणले गेले आणि त्यांची पैदास करून ती उसाच्या फडांत सोडली गेली. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर आणि अळ्या जमिनीखाली, त्यामुळे भेकांच्या तोंडी त्या फारशा लागल्या नाहीत. भेक मात्र पसरत गेले आणि २००५ साली उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विन शहराजवळ पोहोचले. दोन-चार उड्यांत दमणारा हा प्राणी दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कसे कापतो? वाहनांतून जातो, की खरोखर स्वतःच्या पायांनी?

उत्तर (पाणकाठ):
काही भेक मालाच्या ट्रकमधून दूरवर गेले, हे खरे आहे. पण मुख्य आघाडी, म्हणजे प्रसाराची पुढची कड, पायांनीच सरकली आहे. उंच गवतापेक्षा मोकळा रस्ता सोपा, म्हणून रात्री ते रस्त्यांच्या आणि कच्च्या वाटांच्या कडेने पुढे जातात. सुरुवातीच्या दशकांत त्यांचा वेग वर्षाला साधारण १० किलोमीटर होता, पुढे तो ५० च्या वर गेला. बेन फिलिप्स, रिक शाइन या जीवशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की आघाडीवर सर्वांत आधी पोहोचणाऱ्या भेकांचे पाय शरीराच्या मानाने लांब असतात. कारण असे की आघाडीवर पोहोचतात तेच मुळात वेगवान असतात, तिथे त्यांना जोडीदारही तसाच मिळतो, आणि मंद भेक मागे राहिल्याने त्यांचे गुण त्या पिढीत मिसळत नाहीत. आघाडीवरच्या भेकांची पिल्ले वेगळी वाढवून पाहिली, तेव्हा तीही जास्त अंतर चालली. या धावपळीची किंमतही आहे: आघाडीवरच्या काही मोठ्या भेकांच्या मणक्यांत संधिवात आढळतो.

उत्तर (माळरान):
पायांइतकेच महत्त्व पाण्याला आहे. भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषतो, आणि कोरड्या ऋतूत त्याला दर काही दिवसांनी ओल गाठावीच लागते. निमवाळवंटी प्रदेशात ही ओल माणसानेच पुरवली, कारण गुरांसाठी खोदलेली उघडी तळी त्याच्यासाठी एकापाठोपाठ एक मुक्कामाची ठिकाणे झाली. मात्र याच कारणाने त्याला अडवताही येते. संशोधकांनी अशा काही तळ्यांभोवती कापडाचे बुटके कुंपण घातले, तेव्हा पाण्यापर्यंत न पोहोचलेले भेक मोठ्या संख्येने मेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ब्रूम ते पोर्ट हेडलंड या गावांदरम्यान समुद्र आणि वाळवंट यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात सुमारे शंभर पाणवठे भेकांसाठी बंद केले, तर त्यापलीकडचा पिलबरा प्रदेश वाचेल असा हिशोब २०१३ साली मांडला गेला. माझ्या मते यात खर्च करण्याजोगा उपाय हाच आहे. एकेक भेक पकडण्याच्या मोहिमांनी आघाडी थांबलेली नाही.

उत्तर (दक्षिणद्वीप):
आपल्याकडचे उदाहरण राहू नये. पहिल्या पावसात कोकणात पिवळाधमक होऊन ओरडणारा आपला बैलबेडूक अंदमानात परका आहे. नित्या मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी गावोगावच्या लोकांना विचारून त्याच्या प्रसाराचा मागोवा घेतला, तेव्हा वस्ती असलेल्या आठ बेटांपैकी किमान सहांवर तो आढळला, आणि विस्ताराचा जोर २००९ नंतरचा. तो समुद्र पोहून गेला नाही; मत्स्यबीजाबरोबर (तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांबरोबर) त्याचे टॅडपोल, म्हणजे शेपटीवाली पिल्ले, गेले, काही ठिकाणी खाण्यासाठीही सोडला गेला. हे टॅडपोल मांसाहारी असतात आणि प्रयोगात त्यांच्यासोबत ठेवलेले स्थानिक बेडकांचे टॅडपोल जगले नाहीत. मी तिथे काही वर्षे होतो. भाताच्या खाचरात पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याचाच आवाज भरून राहिलेला असे, आणि तो आवाज मला घरचा वाटावा याचेच वाईट वाटत असे.

ऊसकरी:
आमच्याही शेततळ्यात बाहेरून मत्स्यबीज येते. ते तपासायचे कसे?

दक्षिणद्वीप:
ऑक्सिजन भरलेली पिशवी थेट तळ्यात रिकामी करू नका. आधी थोडे थोडे पाणी पांढऱ्या घमेल्यात ओता. माशांची पिल्ले सडपातळ, चपळ दिसतात. टॅडपोलचे डोके गोल आणि शेपूट मागे वळवळते. जाळीच्या गाळणीने ते वेगळे काढा आणि बीज पुरवणाऱ्यालाही कळवा, कारण त्याच्या संगोपन तळ्यावर जाळी नसेल तर पुढची पिशवीही तशीच येईल.