घरून काम: सहकाऱ्यांशी कामापलीकडची ओळख कशी वाढवायची? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा सल्ला हवा आहे. माझी नोकरी पूर्णवेळ घरून आहे. मुलाखत स्क्रीनवर झाली, रुजूही स्क्रीनवरच झाले, लॅपटॉप कुरिअरने आला. टीममधल्या एकालाही अजून प्रत्यक्ष भेटलेली नाही. काम आवडतं, बॉस समजूतदार आहेत. घरात माणसं आहेत, मैत्रिणीही आहेत. तरी दिवसभर ज्यांच्याबरोबर काम करायचं ते सगळे परके, हे आताशा फार खुपतं.

अडचण अशी की आमच्याकडे प्रत्येक बोलण्याला कारण लागतं. परवा एका सहकाऱ्याला चॅटवर नुसतं ‘काय म्हणताय?’ विचारलं. बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं आणि उत्तर आलं, ‘फाइल संध्याकाळपर्यंत देतो.’ हसले खरी, पण पुढे काय लिहावं ते सुचेना.

मीटिंगमध्ये कॅमेरे बंद. कुणी विनोद केला तरी सगळे म्यूटवर, त्यामुळे हसले की नाही देव जाणे. मग ‘थँक यू, बाय’ आणि दोन सेकंदांत सगळे गायब. दाराशी रेंगाळून बोलणं हा प्रकारच नाही.

हे फक्त माझंच रडगाणं नसावं. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू झाला होता. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, तरी नंतर निवड करायला सांगितल्यावर त्यांच्यातले जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण. मायक्रोसॉफ्टच्या साठ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या माहितीवरून असंही दिसलं की घरून काम सुरू झाल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलू लागले, इतर गटांशी संपर्क कमी झाला. त्यांच्या निदान जुन्या ओळखी तरी होत्या. माझ्यासारख्या नव्याने आलेल्यांनी काय करायचं?

आमच्याकडे दर शुक्रवारी ‘फन अवर’ असतो. वीसेक जण, बोलणारा एका वेळी एकच, बाकीचे प्रेक्षक. (आणि हजेरी सक्तीची!) त्यापेक्षा एकदा एका सहकारिणीबरोबर स्क्रीन शेअर करून रिपोर्ट काढत होते, तो लोड व्हायला वेळ लागला, तेवढ्यात ती आपणहून तिच्या संगीताच्या परीक्षेबद्दल बोलली. तेव्हापासून आमचं बरं जमतं. पण दर वेळी रिपोर्ट अडकण्याची वाट किती बघणार?

तर अनुभवी लोकांनो, काम नसताना कुणाला कॉल करायचा तर सुरुवात कशी करता? समोरच्याला भीड न पडता ‘नको’ म्हणता येईल असं कसं विचारायचं? दुसऱ्या टीममधल्या, कधीच न बोललेल्या माणसाला मेसेज करणं विचित्र दिसतं का? आणि तुमच्यात कुणी टीम लीड असेल, तर नव्या माणसासाठी तुम्ही नेमकं काय करता तेही सांगा, बॉसना सुचवून बघेन.

छंद जोपासा, जिम लावा असे सल्ले मात्र नकोत. ते सगळं चालू आहे, प्रश्न ऑफिसातल्या माणसांचा आहे.