सेंद्रिय स्ट्रॉबेरी: २० गुंठ्यांची लागण, राखाडी बुरशी आणि तोडणी

डोंगरउतार (प्रश्न)
नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या मेढा-केळघर पट्ट्यात आम्ही सहा जण मिळून यंदा सेंद्रिय स्ट्रॉबेरी लावतोय, प्रत्येकी साधारण २० गुंठे. माती तांबडी, निचऱ्याची. आजवर भात-नाचणी, मग गहू. विहीर आहे, ठिबक आहे. रोपं किती धरायची आणि खताचा हिशोब कसा? फळावर राखाडी बुरशी आली तर कुठलं जैविक औषध मारायचं? आणि ‘सेंद्रिय’ म्हणून विकायला कागद काय लागतात?

गादीवाफा
दादा, २० गुंठ्यांना रोपं १० हजार धरा. बेड वरून अडीच ते तीन फूट रुंद, एक फूट उंच, मध्ये दीड फुटाची वाट. बेडवर दोन ओळी, रोपात ३० सेंमी, नागमोडी. बांध-तालींमुळे जागा जाते, म्हणून रोपांचा आकडा ताणू नका. दाट लावलं की हवा खेळत नाही आणि तुमचा तो बुरशीवाला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

खत: चांगलं कुजलेलं शेणखत दोन ट्रॉली (४-५ टन), निंबोळी पेंड २०० किलो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) २ किलो आणि मेटारायझियम (किडीला मारणारी बुरशी) २ किलो वेगवेगळ्या १००-१०० किलो शेणखतात मिसळून सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा, मग बेड भरताना टाका. अर्धं कच्चं खत घातलंत तर हुमणी अळी घरी बोलावलीत. ती मुळं खाते आणि डिसेंबरात भर फळावर आलेली झाडं एकेक करून माना टाकतात.

लागण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य, ढगाळ दिवशी किंवा ऊन उतरल्यावर. मुळं ट्रायकोडर्माच्या पाण्यात (लिटरला १० ग्रॅम) १५ मिनिटं बुडवा. सगळ्यात जास्त चुका क्राऊनपाशी होतात. मुळं जिथं संपतात आणि पानं जिथून फुटतात तो जाडसर गड्डा बरोबर मातीच्या पातळीला आला पाहिजे. खाली गाडला तर कोंब कुजतो, वर राहिला तर नवी मुळं सुकतात. लावताना मुळं वर दुमडली तरी रोप महिनाभर जगतं, वाढत मात्र नाही. पाणी दिल्यावर माती बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळी पुन्हा बघून घ्या.

पाच-सहा पानं होईपर्यंत येणारी फुलं खुडा. रनर (जमिनीवर पसरणारे फुटवे) येतील तसे कापा.

जातीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. स्वीट चार्ली लवकर सुरू होते, गोड आहे, पण फळ मऊ. लांबच्या बाजाराला कॅमारोसा टणक, फक्त भुरीकडे (पानावरची पांढरी बुरशी) लक्ष ठेवावं लागतं.

राखाडी
बुरशी ‘आली तर काय मारायचं’ हा प्रश्नच उशिराचा आहे. राखाडी बुरशी शिरते फुलात, वाळलेल्या पाकळीवरून. मग गपचूप बसते आणि फळ पिकायला लागलं की बाहेर दिसते. दिसल्यावर फवारून ते फळ वाचत नाही. म्हणून ट्रायकोडर्मा किंवा स्यूडोमोनास (उपयोगी जिवाणू) फुलोऱ्यात द्यायचं, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी.

खरं काम हाताचं. खालची पिवळी, वाळकी पानं दर दहा-बारा दिवसांनी काढा. सडकं फळ वाटेत टाकू नका, ते शेताबाहेर नेऊन पुरा. बेडवर मल्चिंग पेपर (प्लॅस्टिकचं आच्छादन) हवाच, फळ मातीला टेकता कामा नये. वरून तुषार फक्त रोप धरेपर्यंत, नंतर सगळं पाणी ठिबकने.

भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. प्रमाणपत्र घेणार असाल तर आधी गटात नोंदवून. फेब्रुवारीनंतर पानाखाली लाल कोळी येतो, त्यालाही ते चालतं. पण निंबोळी तेल फवारून दोन आठवडे झाले नसतील तर गंधक मारू नका, पानं करपतात. भर उन्हातही नको.

सातेरी
एक राहिलं. सकाळी दहा ते दुपारी तीन काहीही फवारू नका, मग ते जैविक का असेना. मधमाशी फुलावर नीट फिरली नाही की फळावरच्या काही बिया भरत नाहीत, तेवढा भाग वाढत नाही आणि फळ वाकडं होतं. पुष्कळ जण त्याला रोग समजून औषध मारत बसतात. २० गुंठ्यांना सातेरी मधमाशीच्या दोन पेट्या पुरतात. महाबळेश्वरला मधसंचालनालय आहे, मांघर हे मधाचं गाव जवळ आहे. पेट्यांची चौकशी तिथं करा.

डोंगरउतार
ताई-दादा, आभार. जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं पाणी) सोडलं तर चालेल ना? आणि तोडणी पहाटेच करायची का?

गादीवाफा
जीवामृत चालेल, एकरी २०० लिटर, म्हणजे तुम्हाला १००, पंधरा दिवसांनी. दुहेरी फडक्यातून गाळून ठिबकला द्या, नाहीतर ड्रिपर बुजतात. फळं लागल्यावर पानांवर मात्र अजिबात फवारू नका. हे फळ लोक न सोलता, कच्चंच खातात. शेणाचं पाणी त्यावर पडणं परवडणारं नाही.

पहाटे तोडायला माझा विरोध आहे. आपल्याकडे थंडीत दव फार. ओलं फळ पनेटमध्ये (विक्रीच्या छोट्या डबीत) गेलं की दुसऱ्या दिवशी डाग. दव हटलं की सुरुवात करा आणि ऊन तापायच्या आत, दहा-साडेदहापर्यंत आटपा.

फळ ओढायचं नाही. देठ एक सेंमी ठेवून अंगठ्याच्या नखानं खुडायचा, हिरवी टोपी शाबूत. तळहातात तीन-चारच फळं. खोल पाटीत ओतू नका; दोन थरांच्या वर गेलं की खालचं चेपतं. पुण्या-मुंबईला तीन चतुर्थांश लाल, पाचगणीच्या रस्त्यावर विकायचं तर पूर्ण लाल. तोडल्यावर रंग चढतो, गोडी वाढत नाही, त्यामुळे पांढुरकं फळ तोडून ‘पिकेल’ म्हणू नका. धुवायचं नाही. सडकं वेचणारा माणूस वेगळा ठेवा, चांगल्या फळाला त्याचे हात नकोत. हंगामात एक दिवसाआड तोडणी चुकवू नका.

कागदपत्र
तुम्ही सहा जण आहात, त्यामुळे पीजीएस-इंडिया (शेतकरी गटानं एकमेकांची हमी घ्यायची सरकारी प्रमाणपत्र पद्धत) सोयीचं. किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि एकमेकांची शेतं एकमेकांनी तपासायची असतात. रूपांतराच्या (रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याच्या) काळात ‘पीजीएस-ग्रीन’, नंतर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. निर्यातीचा विचार असेल तर एनपीओपी (बाहेरच्या संस्थेनं तपासून द्यायचं राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणपत्र), तिथं हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं रूपांतर धरतात.

दोन ठिकाणी गट अडकतात. पहिलं म्हणजे रोपं. रोपवाटिकेत मुळांना रासायनिक बुरशीनाशक लावलंय का ते विकत घेण्याआधी विचारा, पावती जपा, गटाच्या वहीत नोंद करा. दुसरं, बांधापलीकडचा फवारा. शेजारी गटात नसेल तर त्या बाजूला मका किंवा शेवरीची दाट ओळ लावा आणि पहिल्या दोन ओळींचा माल वेगळा तोडून साधा म्हणून विका.