माथेरानच्या गाडीसाठी किनाऱ्यावरच्या लोकांना काय करता येईल?

दाभोळकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर आणि दापोली तालुक्यांतले नऊ जण आहोत. त्यांत दोघे आयटीआय झालेले फिटर, एक निवृत्त शिक्षक आणि एक होडी बांधणारे सुतारकाका आहेत. दिवाळीनंतर आम्ही नेरळहून छोट्या गाडीने माथेरानला गेलो. जुम्मापट्टी स्टेशनच्या पुढे गाडी वळणावर कण्हत चढत असताना सुतारकाका म्हणाले, "ही जुनी वस्तू आहे, हिला कोणीतरी रोज हात लावत असणार." तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये स्वयंसेवकांनी अशा छोट्या गाड्या जगवल्या आहेत, असे वाचले. आपल्याकडे तसे काही करता येईल का आणि परवानगी कोणाकडे मागावी? हे विचारण्यामागे एक कारणही आहे. आमच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी शोभेसाठी ठेवलेल्या जुन्या यंत्रावर दर वर्षी गंज न खरवडताच नवा रंग फासला जातो. परवा त्या रंगाचा एक फुगा मी नखाने दाबला, तर बोट आत गेले आणि विटकरी भुकटी बाहेर आली. म्हणजे प्रेम असले तरी पद्धत चुकीची असेल तर वस्तू लवकरच जाते, आणि आमच्या हातून तसे होऊ नये एवढीच इच्छा आहे.

जुना मुकादम

दाभोळकाठ, आपली तळमळ समजली. मी मध्य रेल्वेच्या घाटात 31 वर्षे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये काढली, त्यातली शेवटची काही मुकादम म्हणून. म्हणून आधी नको ते सांगतो : परवानगीशिवाय रुळात पाऊल ठेवू नका. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे तो गुन्हा आहे आणि हेतू चांगला असला तरी गुन्हा गुन्हाच राहतो. ही लाइन मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे आहे, तेव्हा पत्र विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावाने जावे.

आता या लाइनचे दुखणे काय ते ऐका. दोन फुटांचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि बाजूला डोंगर. 2005 च्या जुलैमधल्या पुरात ती लाइन वाहून गेली, पुन्हा सुरू व्हायला 2007 साल उजाडले. 2019 च्या पावसाने पुन्हा तेच केले आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर 2022 मध्ये धावली. लोक म्हणतात रूळ वाहून गेले. माझ्या हिशेबी आधी रुळाखालची माती जाते. डोंगराकडचे गटार पालापाचोळ्याने तुंबले की पाणी खडीत शिरते, खडीखालची माती धुऊन नेते आणि सकाळी रुळांखालचे आडवे स्लीपर हवेत लोंबताना दिसतात. रुळाखालून पाणी काढणाऱ्या मोरीचे तोंड मे महिन्यात मोकळे केले असेल तर जूनमध्ये झोप लागते. चावीवाला, म्हणजे रूळ तपासत फिरणारा गँगमन, सांध्यावर हातोडा मारत चालतो तेव्हा घट्ट बोल्टचा आवाज खणखणीत येतो आणि ढिल्याचा बोदा. तो कान एका दिवसात तयार होत नाही, म्हणून रूळ आमच्यासारख्यांकडेच राहू द्या. गटारे, स्टेशनांची आवारे, फलक, जुन्या डब्यांचे लाकूडकाम यांत मदत हवी का, हे मात्र जरूर विचारा.

मालवणी परदेशात

मी मूळचा मालवणचा, गेली बारा वर्षे ब्रिटनमध्ये आहे आणि वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर सुट्टीत स्वयंसेवक म्हणून जातो. आपण वाचलेले बहुधा याच गाडीविषयी असावे, कारण स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे मानली जाते. 1860 च्या दशकात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी ती बांधली गेली. सर हेन्री हेडन जोन्स या मालकांनी मी जिवंत असेपर्यंत गाडी चालेल असा शब्द दिला होता आणि तो पाळला. जुलै 1950 मध्ये ते वारले, ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला रेल्वेप्रेमींची सभा भरली, आणि 14 मे 1951 रोजी त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेची पहिली गाडी टाउइन गावाहून सुटली. तेव्हा चालण्याजोगे इंजिन एकच होते, डोलगोख नावाचे. रूळ इतके झिजलेले होते की गवतानेच त्यांना जागेवर धरून ठेवले आहे, असे लोक म्हणत. शेजारची त्याच सव्वादोन फुटी गेजची कॉरिस रेल्वे 1948 मध्ये बंद पडली होती, तिची दोन इंजिने आणून काम भागवले.

हे सगळे ऐकायला गोड वाटते. माझा पहिला हंगाम मात्र काटेरी झुडपे तोडण्यात, गटारातला गाळ उपसण्यात आणि राखेच्या खड्ड्यात फावडे मारण्यात गेला, इंजिनाच्या आसपासही कोणी फिरकू दिले नाही. तिथे आधी इंजिन पुसायचे, मग अभ्यास आणि परीक्षा देऊन फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, व्हायचे, आणि ड्रायव्हर होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. सोबत पगारी कर्मचारीही असतात आणि सरकारी सुरक्षा नियम सर्वांना सारखेच लागू असतात. मुकादम काकांनी सांगितलेले गटाराचे महत्त्व तिथेही तसेच आहे, पाऊस तिथेही काही कमी नाही.

खाडीपलीकडे

क्षमा असावी, पण मला एक शंका आहे. टॅलिलिन एका मालकाची होती, म्हणून ती संस्थेकडे जाऊ शकली. माथेरानची गाडी सरकारची आहे. सरकारी कामात फुकट हात घातले तर उद्या गँगमधल्या जागाच कमी करतील आणि वर कौतुकाचे दोन शब्द बोलतील. कोकणातल्या पोरांना कामाची गरज आहे, फुकटच्या घामाची नाही.

जुना मुकादम

शंका रास्त आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मुळात ही लाइनही खाजगीच होती. पीरभॉय कुटुंबाने ती 1904 ते 1907 मध्ये सुमारे सोळा लाख रुपये खर्चून बांधली. पण आज जिथे माणूस नेमायला हवा तिथे स्वयंसेवकाने जाऊच नये, या मताचा मी आहे. ज्या कामाला कधीच माणूस नेमला जात नाही, तिथे जावे. उदाहरणार्थ, डब्याच्या ब्रेकवर उभा राहून हाताने चाक फिरवणारा ब्रेकवाला उतारावर कोणत्या वळणाआधी किती आवळायचा, हे कुठे लिहिलेले मला दिसले नाही. ज्यांनी वाफेची जर्मन इंजिने चालवली किंवा त्यांची देखभाल केली, त्यांतले बरेच जण आता थकले आहेत. कडेची चाके वळणानुसार आपोआप थोडी फिरतील अशी त्या इंजिनांची रचना होती. ती रचना पुस्तकात मिळेल, पण थंडीत सकाळी ती कशी वागायची हे मिळणार नाही.

दाभोळकाठ

सर्वांचे आभार. खाडीपलीकडे यांचा मुद्दा आम्ही बैठकीत आधी मांडला आणि त्यावर तासभर वाद झाला. शेवटी ठरले ते असे : विभागीय कार्यालयाला पत्र पाठवायचे आणि त्यात रुळाचा उल्लेखही करायचा नाही. आमचे शिक्षक आणि दोन मुले नेरळ-माथेरान परिसरातल्या निवृत्त कामगारांना भेटून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतील आणि जुनी छायाचित्रे, पास, तिकिटे यांची नक्कल करून मूळ वस्तू मालकाकडेच ठेवतील.

सुतारकाकांचे म्हणणे मात्र वेगळे आहे. जुन्या लाकडी डब्याच्या दाराची चौकट सडली असेल तर ती अख्खी काढून टाकू नये. सडलेला तेवढाच भाग तिरका कापून नवे लाकूड तिरक्याच सांध्याने बसवावे, होडीच्या फळीला करतात तसे, म्हणजे जुन्या सुताराच्या हाताची खूण राहते. मुकादम काका, मे महिन्यात मोऱ्या साफ करतात तेव्हा आम्ही नऊ जण नेरळला येऊन फक्त लांबून पाहिले, तर चालेल का? की त्यासाठीही पत्र लागेल?

जुना मुकादम

पत्र लागेल. पण पत्र घेऊन या, रानातली वाट मी दाखवतो.