ज्याचं नुकसान झालं तो कुठे माफ करतो?

कोणीतरी लिहिलंय की कॅथलिकांची माफी कन्फेशनपुरतीच, म्हणजे फादरांसमोर पाप कबूल करण्यापुरतीच, फादरांनी दिली की झालं, ज्याचं नुकसान झालं त्याला कोण विचारतो. मला नाही पटत. इंदूरजवळ २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमध्ये सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननना समंदर सिंगने भोसकून मारलं, आणि २००२ साली त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. नुसती राखी नाही हं, घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न केले, २००६ ला तो सुटला, नंतर केरळात त्यांच्या आईच्या पाया पडायला गेला. त्या माऊलीने त्याला दारात कसं उभं केलं असेल, मला अजून कळत नाही, विचार केला तरी घसा दाटतो.