अनुभव धागा : केप मेचा नाताळ आणि तिथली व्हिक्टोरियन सजावट

मंडळी, न्यू जर्सीच्या पार दक्षिण टोकाला, समुद्राला लागून केप मे नावाचं जुनं गाव आहे. रंगीत लाकडी घरं, महिरपींच्या ओसऱ्या, आणि डिसेंबरभर जुन्या पद्धतीचा नाताळ. एडिसन-आयझलिनकडची मराठी मंडळी दर वर्षी तेच प्रश्न विचारतात: कधी जायचं, काय पाहायचं, आणि तशी सजावट किंवा नाताळचं प्लम पुडिंग (सुक्या मेव्याचा वाफवलेला गोड पदार्थ) घरी जमतं का. ज्यांचा या कामात हात बसला आहे त्यांनी इथे लिहावं. एकच विनंती. मजा आली, फोटो छान आले, एवढ्यावर थांबू नका. मापं, वेळा, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते येऊ द्या.

सुरुवात रस्त्यापासून करते. गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिटचे आकडे मैलांवरून दिलेले आहेत. आयझलिन १३१ वर, केप मे शून्यावर. वाटेत एक थांबा धरून अडीच तास. शेवटचा मोठा थांबा ओशन व्ह्यूचा, साधारण अठराव्या मैलाला. त्यापुढे हिवाळ्यात बरंच काही बंद असतं, म्हणून मुलांचं खाणंपिणं तिथेच उरका.

प्रतिसाद : इतिहासाकडून

एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या नजरेने पाहिलं जातं. व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, केप मे हे उन्हाळ्याचं गाव होतं. फिलाडेल्फियाचे सुखवस्तू लोक जून-जुलैत आगगाडीने किंवा बोटीने यायचे आणि थंडी पडायच्या आत परतायचे. डिसेंबरात बहुतेक बंगले कुलूपबंद असत. मोठमोठ्या खिडक्या, चारी बाजूंनी ओसरी, उंच छत ही सगळी वाऱ्यासाठी केलेली रचना आहे, थंडीसाठी नाही. आज तिथे दिसतो तो नाताळ मुळात फिलाडेल्फियाच्या दिवाणखान्यातला आहे. तो या उन्हाळी घरांत आणून मांडला आहे, आणि फार प्रेमाने मांडला आहे.

फिलाडेल्फियाचं नाव उगाच घेत नाही. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्या कुटुंबाचं नाताळच्या झाडाभोवतीचं चित्र लंडनमध्ये १८४८ साली छापलं गेलं. तेच चित्र १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने पुन्हा छापलं. राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी मात्र पुसून टाकली, म्हणजे ते कुटुंब साधं अमेरिकन दिसावं. घरात झाड उभं करायची चाल अमेरिकेत पसरली त्यात त्या चित्राचा वाटा मोठा. नाताळची केंद्रीय सुट्टी आली ती १८७० मध्ये.

गावाचं आजचं रूप आगीतून आलं. नोव्हेंबर १८७८ मध्ये एका हॉटेलात लागलेल्या आगीने सुमारे ३५ एकरांचा भाग जाळला. त्यानंतर अवाढव्य हॉटेलांऐवजी छोटी घरं उठली. १८१६ पासूनचं काँग्रेस हॉल हॉटेल त्याच आगीत गेलं आणि पुढच्या वर्षी विटांमध्ये परत उभं राहिलं. विटांमध्ये का, हे वेगळं सांगायला नको. १९६२ च्या मार्चमधल्या वादळाने किनारा उद्ध्वस्त केला. १९७० मध्ये एमलेन फिझिक यांचा बंगला पाडायला निघाला होता, तो वाचवायला नागरिकांची संस्था उभी राहिली. १९७६ मध्ये अख्ख्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नाताळच्या घर-फेऱ्या, म्हणजे सजवलेली जुनी घरं आतून पाहायच्या फेऱ्या, या जतनाच्या चळवळीतून निघाल्या.

प्रतिसाद : घर-फेरी कशी करावी

वरच्या प्रतिसादातला फिझिक बंगला १८७९ चा. आराखडा फिलाडेल्फियाच्या फ्रँक फर्नेसचा मानतात. आत शिरण्याआधी मान वर करून धुराड्यांकडे पाहा. वर रुंद, खाली अरुंद, जणू उलटी बसवलेली. या घराची फेरी दिवसा करा. खोल्यांमधली मांडणी, जेवणाच्या टेबलावरची ताटं, झाडावरचे दागिने हे उजेडात कळतं. त्याच आवारातल्या बग्गीखान्यात नाताळचं प्रदर्शन असतं, लहान मुलं तिथल्या छोट्या आगगाड्यांपुढून हलत नाहीत. त्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा.

मेणबत्तीच्या उजेडातली घर-फेरी डिसेंबरातल्या ठरावीक शनिवारी संध्याकाळी असते. तारखा दर वर्षी बदलतात आणि तिकिटं आधीच संपतात, म्हणून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत घेऊन ठेवा. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. फेरी सुरू होते तेव्हा मिट्ट काळोख असतो आणि हातात जेमतेम तीन तास. नकाशावरची सगळी ठिकाणं गाठायचा हट्ट धरला तर निम्मा वेळ रांगेत जातो. सहा-सात घरं निवडा. सगळे जण नकाशावरच्या पहिल्या घरापासून सुरुवात करतात, तुम्ही ट्रॉलीने दूरच्या टोकाला जा आणि तिथून चालत परत या.

बूट पटकन काढता-घालता येतील असे घ्या, कारण काही घरांत गालिच्यांसाठी बूट काढावे लागतात किंवा त्यावर पिशव्या चढवाव्या लागतात. मोजे जाड हवेत. पाठपिशवी गाडीत ठेवा. अरुंद जिन्यात वळताना ती कठड्यावरच्या हाराला अडकते आणि सबंध हार खाली येतो. बाबागाडी जवळजवळ कुठेच आत नेता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना प्रत्येक ओसरीच्या पाच-सात पायऱ्या दमवतात. त्यांच्यासाठी चर्च आणि हॉटेलं निवडा. थर्मामीटर पाच अंश सेल्सियस दाखवत असला तरी समुद्रावरून वारा सुटला की कान बधिर होतात. टोपी कान झाकणारीच हवी.

प्रतिसाद : झाड आणि मेणबत्त्या

"खऱ्या मेणबत्त्या लावतात का?" हे हमखास विचारलं जातं. जुन्या लाकडी घरात लावत नाहीत आणि लावू नयेत. घर-फेरीतल्या बहुतेक ज्योती बॅटरीच्या असतात. १८७८ ची आग आठवली की कारण कळतं.

पण त्या काळी लावत असत, आणि त्याची एक शिस्त होती. झाड नाताळच्या आदल्या दिवशीच आणायचं, म्हणजे सुया ओल्या असतात. सुरुवातीच्या काळात ते तीन-चार फुटांचं, टेबलावर ठेवलेलं असे. जमिनीपासून छतापर्यंतचं झाड नंतरचं. मेणबत्ती फांदीच्या अगदी टोकाला, चिमट्यात, आणि तिच्या थेट वर दुसरी फांदी येता कामा नये. लावताना वरून खाली यायचं, विझवताना खालून वर जायचं. उलट केलं तर पेटलेल्या ज्योतींवरून हात न्यावा लागतो आणि बाही पेटते. शेजारी पाण्याची बादली, आणि काठीला बांधलेला ओला स्पंज. सगळा सोहळा दहा-पंधरा मिनिटांचा. दार उघडून मुलांना आत घ्यायचं, गाणं म्हणायचं, विझवायचं. संध्याकाळभर तेवणारं झाड कुणाच्या घरी नसे.

विजेचे दिवे लावलेलं पहिलं झाड एडवर्ड जॉन्सन यांच्या न्यूयॉर्कच्या घरी १८८२ च्या डिसेंबरात उभं राहिलं: लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे. जॉन्सन थॉमस एडिसनचे सहकारी. ज्या मेन्लो पार्कात एडिसनचा दिवा घडला ते आपल्या आजच्या एडिसन गावातच आहे, हे तिथल्या मराठी मुलांना जरूर सांगा.

घरी तोच उजेड हवा असेल तर एलईडीच्या खोक्यावरचा केल्विनचा (उजेडाचा रंग सांगणारा) आकडा बघा. नुसतं 'वॉर्म व्हाइट' लिहिलेलं पुष्कळदा २७०० किंवा ३००० निघतं. ते बल्बसारखं दिसतं, ज्योतीसारखं नाही. २००० ते २२०० घ्या. फुटामागे १०० दिवे हा आजचा हिशोब व्हिक्टोरियन झाडाला फार होतो. फुटामागे दहा-बारा, आणि तेही फांद्यांच्या टोकांनाच. मग काचेचे गोळे उजेड परतवतात आणि आतला काळोख दिसतो. त्या झाडाचं सौंदर्य त्या काळोखात आहे.

प्रतिसाद : ओसरीची सजावट, खाऱ्या वाऱ्यात

हा विषय जरा सविस्तर, कारण आतली सजावट कुठेही सारखीच होते. समुद्राकाठची बाहेरची सजावट मात्र वेगळ्याच कारणांनी बिघडते.

हाराची लांबी: "कठड्याच्या दीडपट घ्या" असं दुकानात सांगतात आणि मग हार जमिनीला टेकतो. दोन खांबांत पाच फूट अंतर असेल आणि मध्ये एक फूट झोळ हवा असेल, तर हार लागतो साडेपाच फूट. टोकं बांधायला अर्धा फूट धरा, सहा झाले. बास. झोळ दीड फुटाच्या वर गेला तर वाऱ्याने हार झोपाळ्यासारखा हलतो आणि खांबाचा रंग घासतो.

स्टेपल आणि साधे खिळे पूर्ण वर्ज्य. खाऱ्या हवेत दोन आठवड्यांत गंज धरतो, पाऊस पडला की पांढऱ्या खांबावर तांबूस ओघळ उतरतात आणि ते पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाहीत. शिवाय सव्वाशे-दीडशे वर्षांच्या लाकडाला पाडलेलं प्रत्येक भोक पाणी पितं. प्लास्टिकच्या टाय वापरा, पण खाली नमद्याची बोटभर पट्टी घाला. थंडीत टाय आवळली जाते आणि सहा-सात थर चढलेल्या जुन्या रंगाचा पापुद्रा उडवते. नक्षीच्या पातळ जाळीला काहीच बांधू नका, ती वजनासाठी नसते. चिकटपट्टी तर नकोच.

दाराच्या चक्राला (हिरव्या पानांच्या गोल हाराला, म्हणजे रीथला) दोन ठिकाणी बांधणी हवी. फीत दारावरून पलीकडे टाकून वरच्या कडेला अडकवली की वरचं टोक झालं. पण खालचं टोक मोकळं राहिलं तर रात्रभर चक्र आपटतं आणि सकाळी दारावर चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसतो. मासे पकडायच्या तंगुसाने खालचं टोक दाराच्या मुठीला बांधा, दिसतही नाही. तीन फुटी दाराला दोन फुटांचं चक्र पुरतं. त्यावर सफरचंद, अननस टोचायची पद्धत व्हिक्टोरियन नाही. ती व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावातली, विसाव्या शतकातली. केप मेत ती केली तर खारी आणि समुद्रपक्षी दोन दिवसांत साफ करतात.

दिवे: प्लगच्या जोडावर मिठाचा थर बसतो, धुकं पडलं की तो ओला होतो आणि सुरक्षा-आउटलेट (जीएफसीआय) वारंवार बंद पडतं. लोक माळ बदलतात, माळ चांगलीच असते. जोड जमिनीपासून उचलून, तोंड खाली करून टांगा. वायरीला जोडाआधी एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल. आठवड्यातून एकदा वीज बंद करून जोड कोरड्या फडक्याने पुसा.

प्रतिसाद : क्रॅनबेरी-लाह्यांची माळ आणि होली

पार्कवेने येताना जी पाईनची रानं लागतात त्यांच्या आतल्या भागात क्रॅनबेरी पिकते, म्हणून ही माळ इथली खरी. मक्याच्या लाह्या तेल-मीठ न घालता फोडा आणि दोन दिवस उघड्या ठेवा. ताज्या लाह्या सुईने फुटतात, शिळ्या चिवट होतात. क्रॅनबेरीची बोरं कडक, टणक घ्या. टाकल्यावर उडी मारतं ते चांगलं. दोरा मेणाचा, नाहीतर दातांचा फ्लॉस. एका वेळी चार-पाच फुटांपेक्षा लांब ओवू नका, गुंता होतो. गजऱ्यासारखं घट्ट दाबू नका, बोरं पिचून रस गळतो आणि भिंतीवरचा डाग निघत नाही. घरात दोन-तीन आठवडे टिकते.

होलीची लाल फळं फक्त मादी झाडाला येतात, आणि जवळपास नर झाड असावं लागतं. अमेरिकन होली या किनाऱ्यावर आपोआप उगवते, पण वाळूच्या टेकड्यांवरून एक फांदीही तोडू नका. त्या झाडोऱ्यानेच वाळू धरून ठेवली आहे. विकत आणलेली फांदी पाण्यात ठेवली तर टिकते, हीटरजवळ आठवड्यात तपकिरी पडते. फळं विषारी आहेत. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ती उंचावरच लावा.

प्रतिसाद : अंडं चालणाऱ्या शाकाहारी घरासाठी प्लम पुडिंग

मूळ कृतीत गाई-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते. हॉटेलात आधी विचारा. घरी तिच्याऐवजी ११० ग्रॅम लोणी गोठवून जाड किसणीवर किसा. वितळवून घालू नका. किसाचे कण वाफेत हळू विरघळतात आणि जागोजागी पोकळी सोडतात, पुडिंग हलकं होतं ते त्यामुळे.

दीड लिटरच्या भांड्याला ४५० ग्रॅम मनुका-बेदाणे, १०० ग्रॅम पावाचा चुरा, ५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम काळसर साखर, किसलेलं सफरचंद, संत्र्याची साल, दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड मिळून चमचाभर, दोन अंडी, अर्धी वाटी काळी बिअर. बिअर चालत नसेल तर संत्र्याचा रस. हे मिश्रण रात्रभर मुरवा. लोणी मात्र वाफवायच्या आधी घाला. भांडं काठापासून बोटभर रिकामं ठेवा, वर कागद आणि फॉइल एकत्र, मध्ये एक चूण देऊन सुतळीने बांधा. चूण नसेल तर फुगताना फॉइल फाटते आणि वाफेचं पाणी आत जातं.

आठ तास वाफ. मोदकपात्र लहान पडतं. मोठ्या कुकरमध्ये तळाला ताटली घालून ठेवा, पण शिटी लावू नका, नुसतं झाकण. पाणी भांड्याच्या निम्म्यापर्यंत, आणि दर पाऊण तासाने उकळतं पाणीच घाला. सहा तासांत शिजतं, पण रंग फिकट राहतो. तो गडद काळसर रंग शेवटच्या दोन तासांत येतो. महिनाभर आधी करून थंड जागी ठेवलं तर चव मुरते. वाढायच्या दिवशी आणखी दोन तास वाफ.

ब्रँडी पेटवायची असेल तर दोन-तीन चमचे पळीत कोमट करा, चिमणीचा पंखा बंद ठेवा, पळीतच पेटवा आणि मग ओता. बाटलीतून थेट कधीच नाही. ब्रँडी थंड असेल तर पेटतच नाही, म्हणून लोक आणखी ओततात. निळी ज्योत दिसायला खोलीतले दिवे आधी घालवा.