विषय: मंडळाच्या कार्यक्रमात घानाचे ढोल, दहा मिनिटं की अख्खी दुपार?

प्रेषक: समीर (कार्यक्रम समिती)
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या रविवारचा कार्यक्रम जवळजवळ पक्का झालाय. आधी नाट्यगीतं, मग मुलांचं लेझीम, मग रॅफल. लेझीम आणि रॅफलच्या मध्ये दहा मिनिटांची फट राहते. मेधाताई आपल्या बे एरियातल्या ऑकलंडला आफ्रिकन ड्रमिंग शिकायला जातात असं कानावर आलं. त्यांच्या ग्रुपला बोलावलं तर? शेवटी आपलं ढोलपथक आणि ते, अशी एक दणदणीत जुगलबंदी. मानधन म्हणून महाप्रसाद आणि शाल-श्रीफळ.

हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. कळवलं नाही तर संमती धरतो.

समीर

---

प्रेषक: निखिल (ढोलपथक)

भन्नाट! पथक तयार आहे. माझ्याकडे दोन जेंबे (ते हाताने वाजवायचे आफ्रिकन ढोल) धूळ खात पडलेत, तेही आणतो. लहान मुलांना मागे उभं करून पानांचे घागरे, गालावर पांढरे पट्टे असं काही केलं तर फोटो जबरदस्त येतील.

निखिल

---

प्रेषक: सुहासकाका

चि. समीर, निखिल आणि सर्वांस,

कल्पना उत्तम. पण आफ्रिकेचे ढोल म्हटल्यावर ऑकलंडपर्यंत कशाला जायचं? आपले सिद्दी आहेत की. जंजिरा तीनशेहून जास्त वर्षं कुणाला मिळाला नाही तो सिद्द्यांमुळे. मलिक अंबर मूळचा हबशी, इथिओपियाचा, आणि निजामशाही स्वतःच्या मरणापर्यंत त्यानेच तगवली. गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, तिथल्या सिद्द्यांची धमाल, म्हणजे त्यांचा ढोलावरचा नाच, मी नोकरीत असताना पाहिली आहे. पायांवर उभा राहणारा मुगरमान नावाचा ढोल, आणि मलुंगा म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेलं एकतारी वाद्य. मेधाचा ग्रुप हेच वाजवतो का?

सुहास

---

प्रेषक: मेधा

समीर, निखिल, सुहासकाका आणि मंडळी,

आठवण काढल्याबद्दल आभार. पण प्रस्ताव आहे तसा मी आमच्या सरांपर्यंत नेणार नाही. का ते जरा सविस्तर लिहिते, मेल लांबणार आहे.

आधी काकांना उत्तर. नाही काका, हे वेगळं. सिद्द्यांचे पूर्वज आले ते इथिओपियाकडून आणि पूर्व किनाऱ्याकडून. आम्ही शिकतो ते एवे लोकांचं संगीत, घानाच्या आग्नेय कोपऱ्यातलं आणि शेजारच्या टोगोतलं. मध्ये अख्खा खंड आहे. निखिलचे जेंबे तिसरीकडचे, गिनी आणि मालीच्या मांदे लोकांचे. या सगळ्याला मिळून 'आफ्रिकन ड्रमिंग' म्हणणं म्हणजे भांगडा आणि अभंग एकाच चौकटीत बसवण्यासारखं आहे. सिद्दींची धमाल मंडळात व्हायलाच हवी, पण ती स्वतंत्र, त्यांच्याच लोकांना बोलावून.

आता दहा मिनिटांबद्दल. जेंबे आज जगात कुठेही विकत मिळतो, तो रंगमंचामुळे. गिनीच्या फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये आफ्रिकन नर्तक-वादकांचा संघ उभा केला, आणि १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तो देशाचा राष्ट्रीय संघ झाला. गावोगावचे ताल उचलून एकाच प्रयोगात गुंफले गेले. लग्नात, कापणीत, सुंतेच्या वेळी तासन्‌तास चालणारी गोष्ट पडदा उघडून पडदा पडेपर्यंत बसवली. यातून फार मोठे वादक जगासमोर आले. मामादी केइता चौदा वर्षांचे असताना गिनीच्या दुसऱ्या राष्ट्रीय संघात निवडले गेले, आणि १९९१ मध्ये त्यांनी ब्रसेल्सला शाळा काढली. म्हणजे रंगमंच वाईट असं मी म्हणत नाही. पण मामादींसारखा माणूस पुढे शाळा काढून बसतो, एकेक ताल कुठल्या गावचा, कुठल्या प्रसंगाचा ते सांगत बसतो, याचा अर्थ प्रयोगात काहीतरी राहून जात होतं.

घानात हे बऱ्याच अंशी आधीच ओळखलं गेलं. १९६२ मध्ये लेगॉनच्या विद्यापीठात क्वाबेना न्केटिया आणि मावेरे ओपोकू यांनी नृत्यसंघ स्थापला तो संशोधन संस्थेच्या जोडीने, आणि गावचे जाणकार वादक तिथे शिकवायला आणले. आपल्या इथलंच उदाहरण घ्या. सी. के. लाडझेक्पो हे घानातल्या कीटा सरोवराकाठच्या आन्याकोचे एवे वादक, ते १९७३ पासून बर्कलीला शिकवायला लागले. ऑकलंडच्या अ‍ॅलिस स्ट्रीटवरच्या कला केंद्राला मालोंगा कास्कलूर या काँगोच्या नर्तक-शिक्षकाचं नाव आहे. २००३ मध्ये ते अपघातात गेले. त्यांचे विद्यार्थी आज इथे शिकवतात. आपल्या घरापासून पाऊण तासावर, ट्रॅफिक नसेल तर, हे सगळं चालू आहे आणि आपण त्यांना रॅफलच्या आधीची फट भरायला बोलावतोय.

जुगलबंदीला माझा साफ नकार आहे, आणि निखिल, तुला हे पटेल. आपल्या पथकात बोलतो कोण? ताशा. वरचा, कडक आवाज. ढोल खाली ठेका धरतात आणि टोलवाला सगळ्यांना बांधून ठेवतो. एवे लोकांत वर-खाली नेमकं उलटं आहे. बोलतो तो मोठा, खालच्या सुराचा ढोल. सर्वांत लहान आणि टिपेचा कागानु एकच छोटा तुकडा न थकता वाजवत राहतो. मधला किडी मोठ्याला उत्तर देतो. टोलच्या जागी गांकोगुई म्हणजे लोखंडी जोडघंटा, आणि तिच्याबरोबर आक्सात्से, भोपळ्यावर मण्यांची जाळी चढवलेला खुळखुळा, मांडीवर आणि तळहातावर आपटून वाजवायचा. आता सांग, सहा ताशे सुरू झाल्यावर त्या खुळखुळ्याचं काय होणार? आणि आपला कान वरच्या आवाजाकडेच धावणार, म्हणजे संभाषण चाललंय तिकडे कुणाचं लक्षच जाणार नाही.

पानांचे घागरे आणि गालावर पट्टे यावर एवढंच म्हणते की परदेशी पाहुण्यांनी आपल्या लेझीमला नागिणीचा डान्स जोडला तर आपण काय म्हणू. एवे विणकर अरुंद पट्ट्या विणून, जोडून जे कापड करतात त्याला जगभर केंटे म्हणून ओळखतात. आमचे सर सणावाराला ते इतकं ऐटीत गुंडाळतात की आपले जरीचे फेटे फिके पडावेत.

माझा प्रस्ताव: गणपतीत काहीच नको. ऑक्टोबरमध्ये मराठी शाळेच्या एका रविवारी अख्खी दुपार द्या. आधी सर मुलांना आणि पालकांना आग्बाद्झा शिकवतील, मग ग्रुप वाजवेल आणि शिकलेले सगळे रिंगणात उतरतील. आग्बाद्झा मुळात युद्धनृत्यातून आलेला, आता लग्नाला, मयताला, सणाला सगळीकडे चालतो, म्हातारी माणसंही नाचतात. शाल-श्रीफळ जरूर द्या, पण चेकसोबत. वादकांना गाडीत ढोल घालून आणायचे असतात आणि त्यांचं घर यावरच चालतं.

मेधा

---

प्रेषक: निखिल

मेधाताई, घागऱ्यांचं मागे घेतलं. 🙏

ताशा-ढोल उलटं असण्याचं डोक्यातून जात नाहीये. काल रात्री रेकॉर्डिंग लावून बसलो. घंटा मोजली तर बारा येतात. मग एकताल ना? पण टाळी लावायला गेलो की हातातून निसटतंय.

---

प्रेषक: मेधा

बारा बरोबर, एकताल नाही. एकतालात दोन-दोनचे सहा विभाग. इथे पाऊल तीन-तीनवर पडतं, म्हणजे १, ४, ७, १०. आणि घंटेचे सात ठोके येतात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. पहिला ठोका मोठ्या घंटेवर, बाकीचे छोटीवर. कागदावर मांडून बघ: घंटा आणि पाऊल यांची गाठ फक्त १ आणि १० ला पडते. ४ ला आणि ७ ला घंटा गप्प. आपला कान तिथे आधार शोधतो, मिळत नाही, मग पाऊल पुढेमागे होतं. तुझं निसटतंय ते तिथेच.

करून बघ असं: पाय चालू ठेव, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि तोंडाने फक्त 'का-गान' म्हण, दोन आणि तीनवर. पाऊल पडलं की लगेच मागून 'का-गान'. हा कागानुचा तुकडा. पाय न चुकता पाच मिनिटं टिकला की मग घंटा हातात घे. क्लासमध्ये नवीन माणसाला आधी घंटा किंवा खुळखुळाच देतात. मोठ्या ढोलाजवळ जाऊ द्यायला बराच काळ लावतात, कारण त्याला सगळ्यांचं ऐकत बोलावं लागतं. आग्बाद्झात हे काम सोगो नावाचा ढोल करतो. किडीवर काठी चामड्याला दाबून धरली की बंद आवाज, उसळू दिली की खुला. सोगो काही बोलला की किडीने या दोन आवाजांतच उत्तर द्यायचं.

वहीत लिहून घ्यायला सर देत नाहीत. तोंडाने म्हणा, मग हाताने वाजवा. तबला शिकलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

---

प्रेषक: रोहिणी

मेधा, माझी सान्वी पथकात ढोल वाजवते. तिने विचारलंय की मुलींना तिथे मोठा ढोल वाजवू देतात का. मी कुठेतरी वाचलं होतं की आफ्रिकेत बायकांना मनाई असते.

---

प्रेषक: मेधा

रोहिणी, परत तेच, कुठल्या देशात आणि कुणाकडे ते बघावं लागतं. एवे परंपरेत मुख्य ढोल सहसा पुरुषांकडे. गाणं, नाच आणि खुळखुळा बायकांकडे, आणि गाण्याशिवाय तिथे काहीच होत नाही, म्हणून हे दुय्यम समजू नकोस. तू वाचलंस ते बहुधा बुरुंडीचं. तिथल्या राजेशाही ढोलांचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये वारसा यादीत केला, आणि २०१७ मध्ये सरकारने हुकूमच काढला की बायकांनी ते ढोल वाजवायचे नाहीत. शेजारच्या रवांडात मात्र २००४ पासून बायकांचं ढोलपथक आहे. सेनेगलला दूदू न्जाय रोझ यांनी स्वतःच्या मुली आणि सुनांचा ताफा उभा केला होता. सुनासुद्धा, हे मला फार आवडतं.

आमच्या क्लासमध्ये निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि सर सगळ्यांना सगळं शिकवतात. सान्वीला आण. सुरुवात मात्र घंटेपासून, पथकात वाजवत असली तरी.

---

प्रेषक: सुहासकाका

मेधा,

खुलासा वाचला, समाधान झालं. एक शंका. हे एवे लोक त्या किनाऱ्यावर मूळचेच का? काही पूर्वेतिहास सांगतात?

सुहास

---

प्रेषक: मेधा

काका, सांगतात तर! आताच्या टोगोतलं नोत्सिए हे तटबंदीचं शहर, तिथे आगोकोली नावाचा जुलमी राजा. बायकांना म्हणे रोज सांडपाणी तटाच्या एकाच जागी ओतायला सांगितलं. भिंत भिजून मऊ झाली. मग एका रात्री ढोल जोरात सुरू ठेवले, भिंतीला भोक पाडलं आणि सगळे निसटले. जाताना उलटं चालले, म्हणजे पावलं आत आल्यासारखी दिसावीत. एवे लोकांतली आन्लो शाखा दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी घानातल्या आन्लोगाला होग्बेत्सोत्सो नावाचा सण साजरा करते तो याच पलायनाचा. मुलांना ही गोष्ट तुम्हीच सांगा ना, सर शिकवायच्या आधी. तुमच्याइतकी रंगवून कुणी सांगणार नाही.

---

प्रेषक: समीर (कार्यक्रम समिती)

मंडळी,

समितीत बोलणं झालं. गणपतीत लेझीमनंतर थेट रॅफल. मुलांना पाणी प्यायला तरी वेळ मिळेल.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, शाळेचा हॉल, दुपारी एक ते पाच. मानधन ग्रुपने सांगितलं तेवढं मान्य केलंय. खजिनदारांनी थोडं नाक मुरडलं, मग स्वतःच पहिलं नाव नोंदवलं. गोष्ट सुहासकाका सांगतील.

मेधाताईंनी कळवलेली तयारी: बिनहातांच्या खुर्च्या (हात असले की ढोलवाल्यांचे कोपर आपटतात), लाकडी जमीन, माईक फक्त गाणाऱ्या बाईंसाठी, आणि नाचायला येणाऱ्यांनी अनवाणी यायचं. हॉलच्या खुर्च्या सगळ्या हातांच्या आहेत. कुणाकडे साध्या घडीच्या खुर्च्या असतील तर मला खासगी मेल करा, कृपया रिप्लाय ऑल नको.

समीर

---

प्रेषक: निखिल

माझ्याकडे आठ आहेत. (सॉरी, रिप्लाय ऑल झालं.)

काकानुवर चार मिनिटं टिकलो. बायको म्हणते जेवणाच्या टेबलाखाली पाय हलवणं बंद कर.

---

प्रेषक: मेधा

कागानु. आणि पाय हलू दे.